लॉटरीचे आकडे आणि पॅटर्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्ट, सम-विषम, रखडलेला आकडा, मूलांक, व्हील. शब्द बदलतात, पण प्रश्न तेच येतात. म्हणून सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळं काही म्हटलेलं नसेल तिथे उदाहरण १ ते ४९ मधून ६ आकडे निघणाऱ्या खेळाचं समजावं. पुढे त्याला ‘४९ पैकी ६’ म्हटलं आहे. तुमच्या खेळात आकडे कमी-जास्त असतील, तरी हिशेबाची रीत हीच राहते.

१. जुन्या सोडतींचे आकडे मांडले की त्यात पॅटर्न दिसतो. त्यावरून पुढचे आकडे काढता येतात का?

पॅटर्न दिसतो हे खरं आहे. पुढचे आकडे मात्र त्यातून निघत नाहीत. प्रत्येक सोडतीआधी सगळ्या ४९ गोळ्या पुन्हा यंत्रात जातात आणि मागच्या वेळी कोणती निघाली याची कुठलीही खूण त्यांच्यावर उरत नाही. ४९ पैकी ६ आकड्यांचे १,३९,८३,८१६ संच होतात आणि दर सोडतीत प्रत्येक संचाला एकसारखीच संधी असते.

मग पॅटर्न दिसतो कसा? शंभर-दोनशे सोडती एका कागदावर मांडा. जोड्या, तिरप्या रेषा, एकाआड एक येणारे आकडे सापडल्याशिवाय राहणार नाहीत. आकडे कुणी चिठ्ठ्या उचलून काढले असते, तरी तेवढेच सापडले असते. म्हणून सोडतीनंतर सापडलेल्या पॅटर्नला किंमत नाही, सोडतीआधी लिहून ठेवलेल्याला आहे. ती परीक्षा कशी घ्यायची ते प्रश्न १९ मध्ये सांगितलं आहे.

आकडे कसे निवडता याने काहीच फरक पडत नाही, असं मात्र समजू नका. एक फरक पडतो. तो प्रश्न ८ पासून पुढे वाचा.

२. १, २, ३, ४, ५, ६ हे आकडे एकत्र कधीच येणार नाहीत, बरोबर ना?

नाही. ४, ११, १९, २७, ३८, ४५ ला जितकी संधी आहे तितकीच यांनाही आहे. आपण ‘क्रमाने आलेले’ आणि ‘विस्कटलेले’ असे दोन गट मनात करतो. विस्कटलेले संच संख्येने प्रचंड असल्यामुळे बहुतेक वेळा त्यांच्यातलाच एखादा लागतो. पण तुमच्या तिकिटावर पूर्ण गट नसतो, एकच संच असतो.

क्रमाने आकडे आल्याचं उदाहरणही आहे. १ डिसेंबर २०२० रोजी दक्षिण आफ्रिकेच्या पॉवरबॉल सोडतीत ५, ६, ७, ८, ९ निघाले आणि पॉवरबॉल, म्हणजे वेगळा काढला जाणारा सहावा आकडा, आला १०. घोटाळ्याची ओरड झाली. पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्या दिवशी पहिलं बक्षीस २० जणांत वाटलं गेलं.

३. जे आकडे जास्त वेळा आले आहेत, म्हणजे ‘हॉट’ आहेत, ते लावावेत का?

आधी ‘हॉट’ किती हॉट असतो ते पाहू. १,००० सोडतींत प्रत्येक आकडा सरासरी १२२ वेळा येतो. सगळं अगदी चोख चाललेलं असलं, तरी प्रत्येक आकडा नेमका १२२ वेळा येत नाही. बहुतेक आकडे १०० ते १४५ च्या दरम्यान पसरतात. म्हणजे ४९ आकड्यांत एखादा १४५ च्या आसपास आणि एखादा शंभराच्या आसपास असणारच. चार्टमध्ये पहिला ‘हॉट’ आणि दुसरा ‘कोल्ड’ म्हणून रंगवलेला असतो. पुढच्या १,००० सोडतींचा चार्ट काढला की पहिल्या नंबरावर दुसराच कुणीतरी बसलेला दिसतो.

काही जणांचा प्रश्न याच्या उलट असतो. ‘कोल्ड आकडा आता भरपाई करेल ना?’ त्याचं उत्तर पुढे आहे.

४. एक आकडा कित्येक सोडतींत आलाच नाही. आता तो येणारच ना?

सगळ्यात जास्त पैसे बुडवणारा प्रश्न हा आहे. म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

इटलीच्या लोट्टो खेळात शहराशहरांच्या नावाने वेगवेगळी चक्रं असतात आणि प्रत्येक चक्रावर ९० पैकी ५ आकडे निघतात. व्हेनिसच्या चक्रावर ५३ हा आकडा मे २००३ नंतर येईनासा झाला. जसजशा सोडती सरल्या, तसतसे लोक त्यावर जास्त पैसे लावू लागले. ‘इतका थांबला आहे, म्हणजे जवळ आला आहे’ हाच हिशेब. अब्जावधी युरो लागले. लोकांनी साठवलेला पैसा लावला, कर्ज काढली. घरं उद्ध्वस्त झाली, आत्महत्येच्या बातम्या आल्या. अखेर १८२ सोडती उलटल्यावर ९ फेब्रुवारी २००५ रोजी ५३ निघाला. शंभराव्या, दीडशेव्या आणि एकशे ब्याऐंशीव्या सोडतीतही त्याची येण्याची संधी पहिल्या सोडतीइतकीच होती, १८ त एक.

‘पण १८२ वेळा न येणं हे अशक्यच नव्हतं का?’ एकच ठरवलेला आकडा घेतला, तर अशी रांग लागण्याची शक्यता सुमारे ३३ हजारांत एक. पण चक्रं दहा होती आणि प्रत्येकावर ९० आकडे. म्हणजे एकाच वेळी ९०० ठिकाणी अशी रांग लागू शकत होती आणि खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कुठेतरी, कधीतरी, कुणीतरी असं रखडणं हे घडण्यासारखंच आहे.

मोंटे कार्लोच्या जुगारघरात १८ ऑगस्ट १९१३ ला रूलेटचा चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडला आणि ‘आता लाल येणारच’ म्हणणाऱ्यांनी तिथे मोठ्या रकमा गमावल्या. गैरसमज हाच.

मग सरासरी शेवटी जमते कशी? भरपाईने जमत नाही. पुढच्या हजारो सोडतींच्या गर्दीत जुना फरक नगण्य होतो, इतकंच. १०० सोडतींत १० ने मागे पडलेला आकडा १०,००० सोडतींनंतरही १० ने मागे असू शकतो. फक्त तेव्हा त्या १० ला काही अर्थ उरत नाही.

५. सम-विषम तीन-तीन ठेवा आणि बेरीज १५० च्या जवळ ठेवा, असं सांगतात. त्यात तथ्य आहे का?

आकडेवारी खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ४९ पैकी ६ मध्ये सुमारे ३३ टक्के सोडतींत ३ सम आणि ३ विषम येतात. सगळे विषम जेमतेम १.३ टक्के वेळा आणि सगळे सम १ टक्क्याहूनही कमी. बेरीज २१ पासून २७९ पर्यंत कितीही होऊ शकते आणि सरासरी १५० च येते.

पण तीन-तीनचे संच आहेतच ४६,५५,२००. सगळे विषम असलेले संच फक्त १,७७,१००. त्यामुळे त्या मोठ्या ढिगातला कुठलातरी संच लागण्याची शक्यता जास्त असली, तरी तुमचा संच लागण्याची शक्यता जास्त होत नाही. जास्त तिकिटं विकणाऱ्या दुकानातून जास्त विजेते निघतात, पण तिथे घेतलेलं एक तिकीट अधिक भाग्यवान नसतं. तसंच हे आहे.

६. लागोपाठचे दोन आकडे, जसे २३ आणि २४, टाळावेत का?

टाळण्याचं कारण नाही. ४९ पैकी ६ मध्ये सुमारे ४९.५ टक्के सोडतींत लागोपाठच्या आकड्यांची निदान एक जोडी असते. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा! हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो, कारण आपण स्वतः आकडे निवडतो तेव्हा ते नकळत दूर दूर ठेवतो.

७. एकदा लागलेला संच पुन्हा लागत नाही. मग जुने विजेते संच वगळावेत ना?

लागतो. जर्मनीत २० डिसेंबर १९८६ रोजी निघालेला १५, २५, २७, ३०, ४२, ४८ हा संच २१ जून १९९५ रोजी पुन्हा निघाला. तोवर ३,०१६ सोडती झाल्या होत्या. बल्गेरियात तर सप्टेंबर २००९ मध्ये ६ तारखेला आलेले ४, १५, २३, २४, ३५, ४२ हेच आकडे लगेचच्या सोडतीत, १० तारखेला, पुन्हा आले. सरकारने चौकशी लावली. गैरप्रकार आढळला नाही.

हिशेब केला तर ४९ पैकी ६ मध्ये सुमारे ४,४०० सोडती झाल्या की त्यांतले कुठलेतरी दोन संच सारखे निघण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते. आठवड्याला दोन सोडती धरल्या, तर साधारण ४२ वर्षं. तुम्ही ठरवलेला संच पुन्हा येणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे दर सोडतीत तीच १,३९,८३,८१६ त एक संधी राहते.

बल्गेरियाच्या दुसऱ्या सोडतीत १८ जणांचे सगळे आकडे जुळले. मागच्या वेळचेच आकडे लावणारे लोक असतात, हे त्यातून दिसतं.

८. मी घरच्यांच्या वाढदिवसाच्या तारखा लावतो. त्याने काही बिघडतं का?

लागण्याची संधी बिघडत नाही. बिघडू शकते ती बक्षिसाची रक्कम. पॅटर्नच्या सगळ्या चर्चेत खरोखर उपयोगाचा मुद्दा हाच आहे आणि नेमका तोच कुणी सांगत नाही.

जिथे पहिलं बक्षीस विजेत्यांत वाटलं जातं, तिथे तुमचे आकडे लागले, तर ‘हेच आकडे आणखी किती जणांनी लावले होते’ यावर हातात येणारी रक्कम ठरते. तारखा ३१ पर्यंतच असतात. जगात असंख्य लोक तारखाच लावतात. म्हणून १ ते ३१ मधल्या संचांवर गर्दी असते. अशा सोडती, जिथे सहाही आकडे ३१ किंवा त्याखालचे आहेत, साधारण १९ त एक येतात. त्या दिवशी वाटेकरी जास्त निघण्याची भीती असते.

बक्षीस प्रत्येक विजेत्याला ठरलेलं मिळत असेल, वाटणी नसेल, तर हा मुद्दा लागू नाही. तारखा खुशाल लावा.

९. तारखांशिवाय आणखी कोणत्या आकड्यांवर गर्दी असते?

७ वर असते, हे जवळजवळ सगळीकडे. १, २, ३, ४, ५, ६ वर असते, आणि ती थोडीथोडकी नाही. हजारो लोकांना वाटतं की ही युक्ती आपल्यालाच सुचली. ७, १४, २१, २८, ३५, ४२ सारखे पाढे, मागच्या सोडतीचे आकडे, तिकिटावरच्या चौकटीत सरळ, तिरपी किंवा फुलीसारखी दिसणारी रेघ, हेही लोकप्रिय. पॅटर्न शोधणारे सगळे एकाच कागदाकडे पाहत असतात. त्यामुळे त्यांना सापडणारे पॅटर्नही सारखेच असतात.

दोन उदाहरणं सांगतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत १४ जानेवारी १९९५ रोजी ७, १७, २३, ३२, ३८, ४२ निघाले. जॅकपॉट सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांचा. विजेते निघाले १३३! प्रत्येकाच्या वाट्याला १ लाख २२ हजार ५१० पौंड आले. हे आकडे तिकिटाच्या मधल्या उभ्या रांगांत पडत होते आणि खुणा करताना हात मध्येच वळतो, असं त्याचं कारण दिलं जातं.

दुसरं अमेरिकेतलं. ३० मार्च २००५ च्या पॉवरबॉल सोडतीत दुसऱ्या क्रमांकाचे चार-पाच विजेते अपेक्षित होते. निघाले ११०. लॉटरीवाल्यांना घोटाळ्याचा संशय आला. मग उलगडा झाला की चिनी उपाहारगृहांत जेवणानंतर जे भविष्याचं बिस्किट देतात, त्यातल्या चिठ्ठीवरचे आकडे या सगळ्यांनी लावले होते. एकाच कारखान्यात छापलेली चिठ्ठी देशभर पोहोचली होती. ‘मला मिळालेला शुभ आकडा’ शेकडो जणांना मिळालेला होता.

१०. मग नेमके कसे निवडावेत?

वाटणीचा खेळ असेल आणि खेळायचंच असेल, तर ४९ चिठ्ठ्या करा, डब्यात घालून हलवा आणि ६ उचला. त्यात सगळे आकडे ३१ च्या आत आले किंवा ठळक आकृती झाली, तर तो संच बाजूला ठेवून पुन्हा उचला. एवढंच पुरे.

याने लागण्याची संधी कणभरही वाढत नाही. लागलंच तर वाटेकरी कमी असण्याची आशा फक्त वाढते. आणि तरीही तिकिटाची किंमत सरासरीने परत येत नाही, कारण बक्षिसांत वाटली जाणारी रक्कम जमा झालेल्या रकमेपेक्षा बरीच कमी असते.

११. मशीनने दिलेले आकडे, म्हणजे क्विक पिक, चांगले की स्वतःचे?

संधी सारखीच. ‘जास्त विजेते क्विक पिकचे असतात’ हे ऐकलं असेल, तर मुळात किती तिकिटं क्विक पिकने घेतली जातात तेही विचारा. वाटेकऱ्यांच्या दृष्टीने क्विक पिक तारखांपेक्षा बरं.

१२. मी वर्षानुवर्षं एकच संच लावतो. बदलू का?

गणिताच्या दृष्टीने फरक नाही. पण एक सापळा आहे आणि त्यात अडकलेल्यांची पत्रं वाचून वाईट वाटतं. एकच संच बराच काळ लावला की तो पाठ होतो. मग ‘मी ज्या दिवशी घेणार नाही, त्याच दिवशी तो लागला तर?’ ही धास्ती सुरू होते. थांबायचं असूनही माणूस थांबू शकत नाही. आठवड्याला दोन सोडती आणि दर सोडतीला एक तिकीट धरलं, तर ४९ पैकी ६ मध्ये पहिलं बक्षीस सरासरी सुमारे १ लाख ३४ हजार वर्षांतून एकदा लागेल. ही धास्ती ज्यांना छळते, त्यांनी आकडे पाठ होऊ देऊ नयेत. क्विक पिक घ्यावं आणि सोडत झाली की तिकीट टाकून द्यावं.

१३. माझ्या पद्धतीने तीन आकडे बऱ्याचदा जुळतात. म्हणजे पद्धत बरोबर आहे ना?

कुठल्याही पद्धतीशिवाय तीन आकडे साधारण ५७ तिकिटांत एकदा जुळतात. दर वेळी दहा तिकिटं घेतली, तर सहा सोडतींत एकदा हे घडणं साहजिकच आहे. ‘एका घराने हुकला’, म्हणजे २७ लावला आणि २८ आला, हेही लोक जवळ आल्याचं लक्षण मानतात. गोळ्यांच्या यंत्रात २७ आणि २८ शेजारी नसतात.

उलट बाजूही पाहा. १०० पैकी जवळजवळ ८५ तिकिटांवर एकही आकडा जुळत नाही किंवा जेमतेम एक जुळतो. ती लक्षात राहत नाहीत.

१४. व्हील पद्धत म्हणजे काय? त्यात खात्रीचं बक्षीस असतं म्हणे.

६ पेक्षा जास्त आकडे निवडायचे आणि त्यांचे संच पद्धतशीर मांडून अनेक तिकिटं घ्यायची, याला व्हील म्हणतात. सगळे संच घ्यायचे तर ७ आकड्यांची ७ तिकिटं होतात, ८ ची २८, १० ची २१० आणि १२ ची ९२४. तिकिटं वाचवण्यासाठी काही संच गाळून आखूड व्हीलही करतात. तिची ‘खात्री’ सशर्त असते. तुमच्या निवडलेल्या आकड्यांत विजेते आकडे पुरेसे असले, तरच.

बिनशर्त खात्रीसुद्धा शक्य आहे, पण ती फार लहान बक्षिसाची. मँचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड कुशिंग आणि डेव्हिड स्टुअर्ट या गणितज्ञांनी २०२३ मध्ये दाखवलं की ब्रिटनच्या ५९ पैकी ६ या खेळात नेमकेपणाने मांडलेली २७ तिकिटं घेतली, तर कोणतेही आकडे निघोत, निदान एका तिकिटावर दोन आकडे जुळणारच. गणित म्हणून हे फार देखणं आहे. पण दोन आकड्यांचं बक्षीस म्हणजे पुढचं एक फुकट तिकीट. २७ तिकिटांचा खर्च त्यातून भरून निघत नाही, हे त्यांनीही सांगितलं आहे.

१५. मग गणिताने लॉटरी कुणीच जिंकली नाही का?

जिंकली आहे, पण आकडे ओळखून नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ४४ पैकी ६ असा खेळ होता. संच ७०,५९,०५२, तिकीट एक डॉलरचं आणि जॅकपॉट साचत २ कोटी ७० लाख डॉलरवर गेला होता. स्टीफन मँडेल यांच्या ऑस्ट्रेलियातल्या गटाने सगळेच संच विकत घ्यायचं ठरवलं. वेळ संपला तोवर सुमारे ५० लाख तिकिटं घेऊन झाली होती. विजेता संच त्यांत निघाला, हे नशीब. नंतर अशा घाऊक खरेदीवर निर्बंध आले. मोठ्या खेळांत तर संचच इतके आहेत की हा मार्ग बंद आहे. अमेरिकेच्या पॉवरबॉलमध्ये आता २९,२२,०१,३३८ शक्यता आहेत.

मॅसॅच्युसेट्समध्ये कॅश विनफॉल नावाचा खेळ २०१२ पर्यंत चालला. जॅकपॉट २० लाख डॉलरच्या पुढे गेला आणि कुणाला लागला नाही, तर ती रक्कम खालच्या बक्षिसांत वाटली जायची. त्या दिवसांत तिकिटामागे सरासरीने मिळणारी रक्कम मोजलेल्या पैशांपेक्षा जास्त व्हायची. हे ओळखून काही गट लाखो डॉलरची तिकिटं एकदम घेत. त्यांतलं मिशिगनचं एक निवृत्त जोडपं चक्क क्विक पिक वापरायचं. त्यांनी आकड्यांचा नाही, नियमावलीचा अभ्यास केला होता.

१६. यंत्रातच खोट असेल, तर पॅटर्न सापडणार नाही का?

सापडेल. पण अशी खोट बहुतेक वेळा माणसानेच घातलेली असते. पेनसिल्व्हेनियात २४ एप्रिल १९८० रोजी तीन अंकी सोडतीत ६६६ आला. ४ आणि ६ वगळून बाकीच्या गोळ्या रंग भरून जड केल्या होत्या. ४ आणि ६ चे तीन अंकी फक्त ८ आकडे होतात. त्या आठांवर अचानक लागलेल्या पैशांमुळेच बिंग फुटलं. अमेरिकेतल्याच एका लॉटरी संघटनेचा संगणक-सुरक्षा अधिकारी एडी टिप्टन याने आकडे काढणाऱ्या प्रणालीतच कोड घुसवला होता. वर्षातल्या ठरावीक दिवशी निकाल त्याला आधीच काढता यायचा. २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. दोन्ही प्रकरणांत जुने निकाल मांडून बसलेल्या खेळाडूला यातलं काहीही दिसलं नसतं.

खरवडायच्या तिकिटांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ती छापलेली असतात आणि छपाईत नियम डोकावू शकतो. टोरांटोचे सांख्यिकी जाणणारे मोहन श्रीवास्तव यांनी २००३ मध्ये एका प्रकारच्या तिकिटांवर उघड छापलेल्या आकड्यांवरूनच विजेती तिकिटं ओळखली. त्यांनी ते लॉटरी चालवणाऱ्यांना कळवलं आणि ती तिकिटं मागे घेतली गेली.

१७. पैसे घेऊन ‘पक्के आकडे’ देणारी ॲप्स, ग्रुप आणि एआयवाले खरे असतात का?

नाही. पैसे देऊ नका. त्यांनी दाखवलेला जुना यशाचा तक्ता निकाल लागल्यानंतर बसवलेला असतो (प्रश्न १ पाहा). एआयलाही शिकायला तेच जुने निकाल मिळतात आणि त्यांत शिकण्यासारखं काही नसतं.

‘पण त्याने मला दहा वेळा अचूक सांगितलं होतं!’ अशी पत्रं येतात. ते कसं करतात पाहा. १,०२४ जणांना गाठायचं. निम्म्यांना सांगायचं पहिला आकडा सम येईल, निम्म्यांना विषम. ज्यांचं चुकलं त्यांना पुन्हा फोन करायचा नाही. उरलेल्या ५१२ चे पुन्हा दोन भाग करायचे. दहा सोडतींनंतर एक माणूस उरतो, ज्याला दहाही वेळा बरोबर उत्तर मिळालेलं असतं. तो सर्वस्व द्यायला तयार असतो. ते पत्र पाठवणारे तुम्ही असाल, तर तुम्ही मूर्ख ठरत नाही. तुम्हाला ठरवून निवडलं गेलं आहे.

१८. स्वप्नातले आकडे, मूलांक, भाग्यांक?

संधी तीच, इतर कुठल्याही आकड्यांइतकी. मूलांक १ ते ९ मध्येच असतो, म्हणून छोट्या आकड्यांवरची गर्दी तेवढी वाढते. तिचा परिणाम प्रश्न ८ मध्ये आहे.

१९. माझे वडील रोज वही घेऊन आकडे मांडतात आणि पैसे लावतात. समजावलं तर चिडतात. काय करू?

वाद घालू नका. त्यांच्या पद्धतीची परीक्षा त्यांच्याकडूनच घ्या. ५० सोडती ठरवा. प्रत्येक सोडतीआधी त्यांनी आपले ६ आकडे तारीख घालून लिहायचे. शेजारच्या रकान्यात तुम्ही डोळे मिटून उचललेल्या ६ चिठ्ठ्यांचे आकडे लिहायचे. सोडत झाली की दोन्हींत किती जुळले ते मोजायचं. खाडाखोड नाही, ‘एका घराने हुकला’ नाही.

नशिबाने ५० सोडतींत एकूण ३७ च्या आसपास आकडे जुळतात. २६ ते ४७ मध्ये काहीही आलं, तर ते साधारणच. पद्धतीत खरंच काही असेल, तर त्यांचा रकाना त्याच्या बराच वर गेला पाहिजे. तुमचा रकाना त्यांच्या पुढे गेला, तर चेष्टा करू नका, पुढच्या ५० सोडतींत उलटही होईल. परीक्षा चालू असेपर्यंत पैसे लावायचे नाहीत, फक्त लिहायचं, एवढी एकच अट आधी कबूल करून घ्या. कर्ज झालं असेल किंवा घरात लपवाछपवी सुरू झाली असेल, तर वहीची वाट पाहू नका. ही सवय सोडवण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ मदत करतात. पहिल्या भेटीला तुम्ही एकटे गेलात तरी चालतं.